कामगिरीचा तक्ता

पहाटे साडेपाच

प्राध्यापकांच्या आणि ग्रंथपालाच्या वर्षभरातल्या कामगिरीचा तक्ता आज संध्याकाळी पाचच्या आत प्राचार्यांच्या टेबलावर गेला पाहिजे. कोणाचा शोधनिबंध कुठे छापून आला, कोण कोणत्या परिषदेला जाऊन आलं, कोणाला पीएच.डी. मिळाली, कोणी कुठे व्याख्यान दिलं, हे सगळं त्यात भरायचं. मग ते अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या वार्षिक अहवालात जातं आणि अहवाल पुढे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅककडे. बीडमधल्या ज्या विधी महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे, तिथे ही गोळाबेरीज माझ्याकडे असते. सगळ्यांच्या निबंधांच्या प्रती ग्रंथालयातच असतात, हे त्याचं अधिकृत कारण. खरं कारण असं, की तास संपला की प्राध्यापक सापडत नाहीत आणि ग्रंथपाल दिवसभर एका जागी सापडते.

पण आधी नळ. आज पाणी येण्याचा दिवस, आणि त्या दिवशी नेकनूरमध्ये बाकीची कामं आपोआप मागे पडतात. टाकी, पिंप, हंडे, कळशा भरेपर्यंत उजाडतं. भाकरी आत्या, म्हणजे माझ्या सासूबाईच करतात. माझी फुगत नाही असं त्यांचं लग्नापासूनचं ठाम मत आहे आणि ते बदलण्याचा मी कधी प्रयत्नही केला नाही. डब्यात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, रात्रीची मेथी.

"आज लवकर ये बरं," आत्या तव्यावरून मान न उचलता म्हणतात. "वरल्या गल्लीतली लेक कागद दाखवायला येणारंय तुला."

"आत्या, मी वकील नाही."

"कागद वाचता येतो ना?"

यावर उत्तर नाही.

साडेसात

नेकनूर हे बीड तालुक्यातलं मोठं गाव. बाजारपेठ आहे, पोलिस ठाणं आहे, स्त्री रुग्णालय आहे, आणि परगावी नाव सांगितलं की वारकरी माणूस लगेच बंकटस्वामी महाराजांची आठवण काढतो. कोर्ट आणि कायद्याचं कॉलेज मात्र बीडला. केजकडून येणारी एसटी धरायची, मांजरसुंब्याला सोलापूर-धुळे महामार्गाला लागायचं, कपिलधारचा फाटा मागे टाकून घाट उतरायचा, पाली, बिंदुसरेचं धरण, की बीड आलंच. मार्च 2023 पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून सकाळच्या गाडीत बसायला जागा मिळेलच असं नाही. तक्रार नाही. कॉलेजात मुलींची संख्या वाढण्यात त्या अर्ध्या तिकिटाचा किती वाटा आहे, याचा कोणीतरी अभ्यास करायला हवा; तक्त्यात 'संशोधन प्रकल्प' असा रकाना आहेच.

आज शेजारी आमचाच एक विद्यार्थी उभा आहे. वय चाळिशीपुढे, घरची शेती, आणि तीन वर्षांच्या एलएलबीला दुसऱ्या वर्षात. आजोबांच्या नावाची कुळाची जमीन, तिचा वाद वडिलांपासून चालू; वकिलांची फी देण्यापेक्षा आपणच वकील व्हावं असं त्याने ठरवलं. मराठवाड्यातल्या विधी महाविद्यालयांत असे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. ते परीक्षेसाठी वाचत नाहीत, हे त्यांच्या प्रश्नांवरून लगेच कळतं.

"मॅडम, ते हैदराबाद कुळवहिवाटीचं पुस्तक आलंय का कुणाकडून वापस?"

1950 चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा. निजामाचं राज्य 1948 मध्ये गेलं, मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला, पण आमच्या जमिनींच्या भांडणांतून हा कायदा काही गेला नाही. पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात त्यावरच्या टीकेची एखादी प्रत धूळ खात असेल. आमच्याकडे तिची बांधणी दोनदा उसवली. नवीन आवृत्ती सहजासहजी मिळत नाही, म्हणून मी जुन्या पुस्तकविक्रेत्यांकडे शोधत असते. मागच्या महिन्यात एक प्रत मिळाली. ही कामगिरी आहे की नाही? तक्त्यापुरती नाही. तिथे 'खरेदी केलेल्या ग्रंथांची संख्या' एवढंच विचारलंय, आणि त्या संख्येत ती एक आहे.

नऊ

ग्रंथालय उघडलं. परिचर काकांनी आधीच वर्तमानपत्रं लावून ठेवली आहेत आणि पंख्याखालची दोन टेबलं स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी अडवली आहेत. देवघेव खिडकीवर सकाळी गर्दी असते: बुक बँकेची पुस्तकं, नूतनीकरण, दंड, आणि 'मॅडम, फक्त झेरॉक्सला नेतो' म्हणून गेलेलं पुस्तक संध्याकाळपर्यंत न आणणारे. एकीकडे नव्या पुस्तकांचे दाखल क्रमांक टाकायचे, एकीकडे खिडकी सांभाळायची.

दहाच्या आसपास दुसऱ्या वर्षाची एक मुलगी हातावर पेनने लिहिलेला संदर्भ घेऊन आली. ए.आय.आर. 1979 एस.सी. 185. "मॅडम, निकाल 1978 चा आहे म्हणतात आणि इथे 1979 लिहिलंय. चुकलंय का?"

चुकलेलं नाही. निकाल सप्टेंबर 1978 चा, छापला गेला 1979 च्या खंडात, पान 185. 'ऑल इंडिया रिपोर्टर' नागपूरहून निघतो, तिथल्या चितळ्यांनी तो उभा केला, आणि देशभरच्या कोर्टांत वकील ज्या तीन अक्षरांनी युक्तिवादाला सुरुवात करतात ती नागपूरच्या छापखान्यातून आली, हे मी मुलांना आवर्जून सांगते. मराठी माणसाने कायद्याच्या धंद्यात काय केलं असं कोणी विचारलं, की बोट दाखवायला त्या खंडांची रांग बरी पडते.

खंड काढून दिला. प्रकरणाचं नाव तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. लोक त्याला मथुरा खटला म्हणतात. मुलगी वाचायला बसली. मला माहीत होतं, अर्ध्या तासाने ती परत येणार, कारण तो निकाल वाचून कोणाचंच समाधान होत नाही.

साडेदहा

तक्ता उघडला. संगणकावर एकेक रकाना.

करार कायदा शिकवणाऱ्या मॅडमना यंदा पीएच.डी. मिळाली. विषय ऊसतोड कामगार स्त्रिया आणि कामगार कायदे. त्या प्रबंधासाठी त्या दोन हंगाम कोप्यांवर गेल्या. उचल कशी दिली जाते, नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता कसा धरतात, मुकादमाच्या वहीत काय लिहिलेलं असतं आणि काय मुद्दाम लिहिलेलं नसतं, हे त्यांनी बायकांच्या तोंडून ऐकलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, राज्य सरकारने समिती नेमली, तेव्हा बाहेरून पुष्कळ पत्रकार येऊन गेले. मॅडम त्यानंतरही जात राहिल्या. प्रबंध आता शोधगंगेवर चढला आहे, कोणालाही वाचता येतो. तक्त्यात मी लिहिलं: पीएच.डी., संख्या एक.

फौजदारी कायदा शिकवणारे सर आले ते प्रमाणपत्रांची फाइल घेऊनच. दोन शोधनिबंध, चार वेबिनार, एक उजळणी वर्ग. दोनपैकी एका नियतकालिकाने छापण्याचे पैसे घेतले होते.

"हे केअर यादीत आहे का, बघा ना मॅडम."

"सर, ती यादीच बंद केली विद्यापीठ अनुदान आयोगाने. फेब्रुवारी 2025 मध्ये."

"मग आता चांगलं नियतकालिक कोणतं हे कोण ठरवणार?"

"आपण. वाचून."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना वेठीला धरलंय. त्यांचं तरी काय चुकलं? पदोन्नती गुणांवर, गुण निबंधांवर, निबंध छापणारा म्हणतो आधी पैसे भरा. या साखळीत अडकलेला माणूस वाईट नसतो, घाईत असतो. त्यांचा दुसरा निबंध मी वाचला आहे. नव्या साक्ष्य अधिनियमातल्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या कलमावर, म्हणजे जुन्या 65 ब आणि नव्या 63 वर, त्यांनी नेटकं लिहिलं आहे. तालुक्याच्या कोर्टात मोबाइलमधलं संभाषण पुरावा म्हणून देताना प्रमाणपत्र कुठे अडतं, हे त्यात उदाहरणासह आहे. पैसे देऊन छापलेल्या निबंधाशेजारी तो निबंध बसवताना मला अवघडल्यासारखं झालं. तक्त्याला तसं काही वाटत नाही.

संविधान शिकवणारे ज्येष्ठ सर शेवटी आले. त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत एकही निबंध छापलेला नाही. त्यांच्या सकाळच्या जादा तासाला बसलेली मुलं लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन दिवाणी न्यायाधीश झाली. त्यातली एक सध्या आमच्याच जिल्ह्यात बसते.

"माझ्या नावापुढे रेघ मारा," सर म्हणाले आणि वर्तमानपत्र घेऊन बसले.

मी रेघ मारली नाही. 'विद्यार्थी निवड' हा रकाना विद्यार्थ्यांच्या भागात आहे, प्राध्यापकांच्या भागात नाही. तिथे त्या न्यायाधीश झालेल्या मुलीचं नाव आलं. सरांचं कुठेच नाही.

सव्वाबारा

ती मुलगी परत आली. चेहरा उतरलेला.

"मॅडम, सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलं दोघांना."

हो. देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात 26 मार्च 1972 च्या रात्री एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी दोन पोलिस. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निर्णय फिरवला आणि शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, तेव्हा संमती होती असा निष्कर्ष काढला गेला. पोलिस ठाण्यात, रात्री, दोन वर्दीधारी पुरुषांपुढे प्रतिकार म्हणजे नेमकं काय करायचं असतं, हे निकालात नाही.

"पुढचं वाच," मी तिला म्हटलं आणि 'सुप्रीम कोर्ट केसेस'चा 1979 चा चौथा खंड काढून दिला. त्याच्या लेखविभागात पान 17 वर एक पत्र आहे. पत्रावर तारीख 16 सप्टेंबर 1979, पाठवलं भारताच्या सरन्यायाधीशांना. लिहिणारे चौघं कायद्याचे अभ्यासक: दिल्ली विद्यापीठाचे उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार, आणि पुण्याच्या वसुधा धगमवार. शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, हा त्या पत्रातला मुद्दा. निकाल चुकला आहे असं त्यांनी न्यायालयालाच, नावानिशी, सही करून सांगितलं. अशा पत्राने न्यायालयाचा अवमान होईल की काय, याची चर्चा तेव्हा झालीच असणार. तरी त्यांनी ते पाठवलं.

निकाल बदलला नाही. पण पत्र वर्तमानपत्रांतून पसरलं, 1980 मध्ये मुंबईत आणि इतरत्र बायका रस्त्यावर उतरल्या, 'फोरम अगेन्स्ट रेप' उभा राहिला, आणि 1983 मध्ये संसदेने फौजदारी कायदा दुरुस्त केला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा गुन्हा झाला. पुरावा कायद्यात 114 अ हे कलम आलं: अशा खटल्यात संभोग सिद्ध झाला आणि स्त्रीने न्यायालयात संमती नव्हती असं सांगितलं, की संमती नव्हती असं न्यायालय धरून चालेल. आता भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम 120 म्हणून आहे. वसुधाताईंनी पुढे 1985 मध्ये 'मार्ग' ही संस्था काढली आणि कायदा साध्या भाषेत गावोगावी नेला. 2014 मध्ये त्या गेल्या.

मुलगी उभ्यानेच पत्र वाचत होती. "हे आपल्याला अभ्यासाला का नाही?" असं तिने विचारलं नाही. तिने विचारलं, "या मॅडम कोणत्या कॉलेजात शिकवायच्या?" तो प्रश्न मला जास्त आवडला.

दीड

डबे उघडले, आणि बोलता बोलता खेळ सुरू झाला. संविधानाच्या सरांनीच काढला. त्या पत्राला आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे किती गुण मिळतील?

फौजदारीच्या सरांना कोष्टक तोंडपाठ. "समकक्ष परीक्षण झालेला शोधनिबंध असेल तर सामाजिक शास्त्रांत 10. पण हे पत्र आहे."

"समजा निबंध धरला."

"मग दोघांपेक्षा जास्त लेखक. पहिल्या लेखकाला सत्तर टक्के, बाकीच्यांना प्रत्येकी तीस. आडनावं इंग्रजी अक्षरक्रमाने लावली तर बक्षींना 7, उरलेल्या तिघांना 3-3."

"आणि मराठी अक्षरक्रमाने?"

"केळकरांना 7."

देशाचा कायदा बदलणाऱ्या पत्राचे 3 गुण वसुधाताईंच्या नावावर मांडून आम्ही हसलो, मग कोणी भाकरीचा तुकडा मोडला तरी खाईना. करार कायद्याच्या मॅडम म्हणाल्या, "पत्र म्हणून धरलं तर जावक नोंदवहीत जाईल. जावक क्रमांक, दिनांक, विषय."

खेळ एकदा सुरू झाला की थांबत नाही. पांडुरंग वामन काणे घ्या. वकिली करत करत त्यांनी काही वर्षं मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवलं. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड 1930 मध्ये आला, पाचवा पुरा व्हायला 1962 उजाडलं; सगळं मिळून साडेसहा हजारांवर पानं. 1963 मध्ये भारतरत्न. प्रकाशक भांडारकर संस्था, म्हणजे राष्ट्रीय पातळीवरचा प्रकाशक. ग्रंथाला 10 गुण. आणि मधल्या ज्या वर्षी खंड निघाला नाही, त्या वर्षीच्या तक्त्यात काय भरायचं? 'ग्रंथलेखन चालू आहे' असा रकाना नाही.

आणि बाबासाहेब. जून 1935 मध्ये ते त्याच सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना पुढच्या वर्षीच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद दिलं, मग भाषणाचा मजकूर पाहून अधिवेशनच रद्द केलं. बाबासाहेबांनी ते भाषण 1936 च्या मे महिन्यात स्वतःच छापलं. आज जगातल्या विद्यापीठांत ते शिकवलं जातं. आमच्या तक्त्यात ते कुठे बसवायचं? 'निमंत्रित व्याख्यान' म्हणावं तर व्याख्यान झालंच नाही, उपस्थितीचं प्रमाणपत्र मिळणार नाही. 'प्रकाशन' म्हणावं तर स्वतः छापलेलं, म्हणजे बाद.

यावर कोणी हसलं नाही.

संविधानाचे सर म्हणाले, आयोगाने जानेवारी 2025 मध्ये नव्या नियमांचा मसुदा काढला, त्यात गुणांऐवजी 'उल्लेखनीय योगदान' बघावं असं सुचवलंय. "म्हणजे तिथेही प्रमाणपत्र लागेलच, उल्लेखनीयतेचं," फौजदारीचे सर म्हणाले. त्यांच्याकडे विनोदबुद्धी आहे हे मला आज कळलं. माझं स्वतःचं मत विचाराल तर मी तक्त्याच्या विरोधात नाही. तक्ता नसता तर आळशी आणि कष्टाळू एकाच रांगेत उभे राहिले असते, आणि बढत्या ओळखीवर मिळाल्या असत्या. तेही आपण पाहिलेलं आहे. माझा राग एवढाच, की तक्ता रिकाम्या जागेला 'काही नाही' म्हणून वाचतो.

अडीच

दुपारी निर्लेखनाची यादी समोर आली. जुनी, फाटकी, कालबाह्य पुस्तकं नोंदीतून काढून टाकायची. कोणीतरी उत्साहाने भारतीय दंड संहितेची सगळी पुस्तकं यादीत घातली होती. 1 जुलै 2024 पासून नवे तीन कायदे लागू झाले: दंड संहितेची 511 कलमं जाऊन न्याय संहितेची 358 आली, फौजदारी प्रक्रियेच्या जागी 531 कलमांची नागरिक सुरक्षा संहिता, पुरावा कायद्याच्या जागी 170 कलमांचा साक्ष्य अधिनियम. म्हणजे जुनी पुस्तकं रद्दी, असा सरळ हिशेब.

मी दंड संहितेच्या ओळी खोडल्या. 1 जुलै 2024 च्या आधी घडलेल्या गुन्ह्याचा खटला दंड संहितेखालीच चालतो, मग तो आणखी पंधरा वर्षं चालो. आपल्या कोर्टांचा वेग पाहता आजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना केस लढताना 302 लागणारच आहे, फक्त 103 पुरणार नाही.

त्या बदलाच्या पहिल्या आठवड्यात मी एक तक्ता केला होता, हा नव्हे, दुसरा. डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं: 302 चं 103, 420 चं 318, 376 चं 64, 498 अ चं 85 आणि 86, प्रक्रियेतलं 154 आता 173, 144 आता 163, आणि 125 आता 144. शेवटच्या दोन्हींनी फार घोळ घातला, कारण जमावबंदीचा म्हणून पाठ असलेला 144 हा आकडा नव्या संहितेत पोटगीच्या कलमाला गेला. तो तक्ता भिंतीवर लावला. आधी विद्यार्थ्यांनी फोटो काढले, मग कोर्टातल्या कनिष्ठ वकिलांनी, मग कोणाच्या तरी मोबाइलवरून तो आमच्या गावापर्यंत पोहोचला; ठाण्याबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्यानेही तो चिकटवलेला मी पाहिला. खाली माझं नाव नव्हतं, कारण मी लिहिलंच नव्हतं.

ग्रंथपालाच्या कामगिरीसाठी नियमांत जे निकष आहेत, ते मी आज पुन्हा वाचले. ग्रंथालयात नियमित हजेरी. कार्यशाळा, चर्चासत्रं. संगणकीकृत माहितीसाठा. आणि एक निकष असा: साठ्याची पडताळणी आणि गहाळ पुस्तकांचं प्रमाण. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची जवळपास एकहाती केली; गावोगावची ग्रंथालयं, कपाटं, माळे धुंडाळले. त्या सूचीवाचून मराठी पुस्तकांवर आजही कोणाला गंभीर काम करता येत नाही. या निकषांत त्यांचं काम 'माहितीसाठा' या एका शब्दात मावलं असतं, बहुधा 'संगणकीकृत नाही' असा शेरा घेऊन.

पाच वाजायच्या आत तक्ता छापला. माझ्या ओळीत लिहिलं: कार्यशाळा दोन, पडताळणी पूर्ण. 'इतर' या रकान्यात 50 शब्दांची मर्यादा होती. त्यात संविधानाच्या सरांचा जादा तास, मॅडमचे दोन हंगाम आणि कुळवहिवाटीचं पुस्तक बसवलं. भिंतीवरचा कलमांचा तक्ता बसला नाही. प्राचार्यांनी सही करताना 'इतर' वर बोट ठेवून विचारलं, "हे पुढे कोणी वाचतं का?" आणि उत्तराची वाट न बघता सही केली.

सायंकाळी सात

वरच्या गल्लीतली लेक आली तेव्हा आत्यांनी तिला आधीच चहा दिला होता. सोबत तिची आई, कडेवर वर्षाचं लेकरू. नवरा कारखान्यावर गेला तो तिकडेच राहिला, दुसरं लग्न केल्याचं कळलं, पैसे पाठवायचे बंद केले. कागद म्हणजे तिच्या नवऱ्याने वकिलामार्फत पाठवलेली नोटीस: ही माझ्याकडे नांदायला येत नाही, म्हणून सबब.

नोटीस मी दोनदा वाचली. मी वकील नाही, सल्ला देऊ शकत नाही. पण कोणतं कलम कुठे आहे हे दाखवू शकते, माझं कामच ते आहे. तिला सांगितलं, पोटगीचा अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या 144 खाली होतो, लेकरासाठीही होतो. आई लगेच म्हणाली, "वकिलाला द्यायला कुठून आणू बाई पैसे?"

"द्यावे लागत नाहीत. 1987 चा विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा आहे. त्याच्या कलम 12 मध्ये बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो. तुमचं उत्पन्न किती हेसुद्धा विचारायचं नाही, बाई असणं पुरे."

"खरंच?" आत्यांनी विचारलं. त्यांनाही हे नवीन होतं.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय बीडला, कोर्टाच्या आवारात. 15100 हा फोन क्रमांक कागदावर लिहून दिला, पण फोनवर बोलायला ती घाबरत होती. तेव्हा ठरलं, की उद्या सकाळच्या गाडीला ती माझ्यासोबत येईल. आधार कार्ड, लग्नाचा फोटो किंवा पत्रिका, लेकराचा जन्मदाखला आणि ही नोटीस, हे सगळं एका पिशवीत. नोटिशीच्या दोन झेरॉक्स स्टँडजवळ काढू. गाडी साडेसातची, पण उभं राहायला जागा हवी असेल तर सव्वासातलाच या, असं मी तिच्या आईला दोनदा बजावलं.